इबूचा एकच शब्द

१४ जानेवारी, रविवार

आकिब म्हणाला, "तेरा डर कागज पे उतार, मेरे सर पे मत उतार." म्हणून आजपासून कागदावर.

घरात आम्ही हिंदी बोलतो. पण मी भद्रावतीला मराठी शाळेत शिकले आणि आता गडचिरोलीजवळच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. मनातलं लिहायला बसले की मराठीच येते.

भीती अशी आहे की इबू तीन वर्षांचा व्हायला आला आणि बोलत नाही. ऐकू येतं, कान तपासून झाले. हसतो, धावतो, चप्पल लपवतो. बोलत मात्र नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "दोन शब्द जोडतो का?" मी म्हटलं, डॉक्टर, एक शब्द आला तरी मी पेढे वाटेन. एक शब्द आहे तसा. "नई." आमच्या हिंदीतलं नई, माझ्या वर्गातल्या पोरांच्या मराठीतलं नाई. म्हणजे नाही. दूध? नई. जेवण? नई. बाबा कुठे गेला? नई. कधीकधी काही न विचारता, नुसता दाराकडे बघून, नई.

बाकी आहेत ते शब्द म्हणता येणार नाहीत. "एर, एर" करतो. आकिबच्या तोंडी दिवसभर "अरे" असतं, त्याची नक्कल. आणि कधी "पाल" म्हणतो. हा मात्र माझा मराठी शब्द, मी भिंतीवरच्या पालीला घाबरून ओरडते तो. गंमत म्हणजे तो म्हणतो तेव्हा भिंतीवर पाल नसतेच. परवा आकिबने झाडू घेऊन स्वयंपाकघर पालथं घातलं. इबू ओट्याजवळ उभा राहून रडत होता.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "इसका बाप चार साल का होके बोला. अब चुप करके दिखाओ." मला त्याने धीर येत नाही. माझ्या डोक्यात एकच फिरतं. याला काही दुखलं, कुणी मारलं, कुठे हरवला, तर हा सांगणार कसा?

२४ जानेवारी, बुधवार

आज दुपारीच शाळा सुटली. घरी आले तर मागच्या दाराशी सोमारीबाई आणि इबू उकिडवे बसलेले. सोमारीबाई धानोऱ्याकडची. इबू सहा महिन्यांचा होता तेव्हापासून मी शाळेत असताना त्याला तीच सांभाळते. समोर तो तपकिरी लंगडा कुत्रा होता. सोमारीबाई हळू आवाजात त्याला म्हणत होती, "नई, नई." आणि तो शेपटी हलवत पुढे येत होता.

मला बघून ती दचकून उठली. अम्मींना कुत्रा दारात चालत नाही. नमाजेचे कपडे बदलणं, वजू म्हणजे हातपाय धुणं, सगळं पुन्हा करावं लागतं. दिसला की त्या बादली घेऊन धावतात.

मी म्हटलं, "बाई, कुत्र्याला असं हाकलतात का? गोड आवाजात नई नई?"

"हाव जी," म्हणाली आणि खाली मान घालून हसली.

या घरात 'नई'ला काही किंमत नाही हे त्या कुत्र्यालाही कळलेलं दिसतं.

मग इबूने तिचा पदर ओढला, "एर." ती उठली, माठातून वाटीभर पाणी काढलं, त्याला पाजलं. मी बघत राहिले. त्याला तहान लागलीय हे तिला कसं कळतं? मला नाही कळत. आई मी आहे. फार जळले मी आज. खोटं कशाला लिहू?

४ फेब्रुवारी, रविवार

सोमारीबाई गावी गेली. भाचीचं लग्न आहे, दोन आठवडे येणार नाही. जाताना इबूला छातीशी धरून कानात बरंच काही बोलली, त्यांच्या भाषेत. तो मान हलवत होता. मी काही सांगितलं की कधी मान हलवत नाही.

आता दिवसभर अम्मींकडे राहील. अम्मींचे गुडघे दुखतात आणि याच्या पायाला चाकं आहेत. मी आकिबला म्हटलं, मी रजा घेते. तो म्हणाला, "हर बात में रजा लेगी तो नौकरी किसके लिए है?" बरोबरच आहे त्याचं. तरी राग आला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय.

शाळेतून आले तर रडणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत होतं. इबू मागच्या अंगणात बसलेला, डाव्या टाचेतून रक्त. शेजारी मातीत भाकरीचा तुकडा. अम्मी नमाज पढत होत्या. रडणं ऐकून त्यांनी घाईघाईने सलाम फेरून नमाज संपवली आणि भिंत धरत बाहेर येत होत्या, तेवढ्यात मी पोचले.

आकिबचं कुलर-फ्रिज दुरुस्तीचं दुकान. निम्मं भंगार आमच्या अंगणात पडलेलं असतं, कापलेले पत्रे, जाळ्या, खिळे. मी त्याला किती वेळा सांगितलं असेल.

मी इबूला जवळ घेऊन विचारलं, "पत्रा लागला?"

"नई."

"खिळा टोचला?"

"नई!"

"काटा? विंचू? पडलास?"

"नई, नई, नई." प्रत्येक वेळी जास्त जोरात. शेवटी माझ्या गालावर चापट मारली.

अम्मी म्हणाल्या, "उसको क्या पूछती, वो तो हर बात को नई बोलता."

टाचेवर दोन लहान भोकं आणि एक ओरखडा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "काय लागलं?" मी सांगितलं, "पत्रा." त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. अम्मींनी घरी येऊन हळद लावली.

आकिब घरी आला, पट्टी बघितली आणि अंगणातल्या पत्र्यांकडे बघत बसला. जेवलाही नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आकिबने काल सगळं भंगार हातगाडीवर घालून नेलं. अंगण लख्ख झालं आहे. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी ते असं पाहिलं नव्हतं.

पण इबू तिकडे जायला तयार नाही. मागचं दार उघडलं की माझ्या पायांना मिठी मारतो, दाराकडे बोट करतो, "नई! नई!" मी त्याला उचलून अंगण दाखवलं. म्हटलं, बघ, पत्रे गेले, अब्बूने सगळं फेकून दिलं. तो माझ्या खांद्यात तोंड खुपसून थरथरत होता. मला वाटलं होतं मुलं लवकर विसरतात.

संध्याकाळी पुन्हा "एर, एर" सुरू झालं. मी म्हटलं, "अरे नाही, अरे राजा, बोल, काय पाहिजे ते नीट बोल." नीट बोल म्हणताना माझाच आवाज चढला. तो गप्प बसला. सोमारीबाईचा फोन लागत नाही, त्यांच्या गावात रेंज नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज देवाने वाचवलं.

शेजारचे नानाजीभाऊ कुंपणापाशी आले. म्हणाले, "मॅडम, पोराले बाहेर सोडू नोका. थो लंगडा कुत्रा पिसाळला होता. माह्या वासराले चावला, दोन मानसाईले चावला. काल नाल्यापाशी मारला पोट्ट्याईनं."

"कोणता लंगडा?"

"थोच जी, तपकिरी. तुमच्या मांगच्या दारी येत जाये तो."

आत धावले. इबू खाटेवर बसून डबे रचत होता. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "इबू, कुत्र्याने चावलं का तुला? कुत्रा? भू भू?"

"नई," तो म्हणाला.

"खरं सांग. भू भू चावला?"

"नई." आणि माझा हात ओढून टाचेच्या पट्टीवर ठेवला. पत्र्याची जखम दाखवून लाड करून घ्यायचे असतात लबाडाला.

तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही "नई", अगदी स्पष्ट, माझ्या डोळ्यांत बघून. मी तिथेच फरशीवर बसून रडले. अल्हम्दुलिल्लाह. या एका शब्दाचा मला इतका राग होता, आज त्याच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला.

आकिबला सांगितलं तर म्हणाला, "देखा? तू खाली फोकट डरती."

१७ फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यातून आलो. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

पहिलीच्या मॅडम रजेवर होत्या. मुख्याध्यापक गुणवंतराव सर म्हणाले, तासभर तुम्ही बसा. मी प्राण्यांचा तक्ता लावला आणि छडीने दाखवत गेले. गाय. म्हैस. शेळी. मग एका नव्या मुलीला उभं केलं. सोमारीबाईच्याच समाजाची, आईबाप वीटभट्टीवर आहेत. छडी कुत्र्यावर ठेवली. "हे काय आहे, बेटा?"

ती म्हणाली, "नई."

मी म्हटलं, "नाही काय? घाबरू नको, सांग."

"नई."

"माहीत नाही का?"

सगळा वर्ग हसायला लागला. पहिल्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, तिले येते. त्यायच्या भाषेत कुत्र्याले नईच म्हंते."

छडी हातातून कधी पडली मला माहीत नाही. मी त्या मुलीला पुन्हा विचारलं. तिला वाटलं मी रागावले. ती रडायला लागली आणि तक्त्यावर बोट ठेवून पुन्हा तेच म्हणाली.

पत्रा लागला? कुत्रा. खिळा टोचला? कुत्रा! काटा, विंचू, पडलास? कुत्रा, कुत्रा, कुत्रा. माझं लेकरू तेव्हापासून मला एकच गोष्ट सांगत होतं आणि मी म्हणत होते, हा बोलत नाही.

सरांनी काही न विचारता गाडीवर घरी सोडलं. आकिबला फोनवर काय सांगितलं तेही आठवत नाही. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, जखम बघितली, माझ्याकडे बघितलं.

"कधी चावला?"

"मागच्या शुक्रवारी."

"आणि आज आणलं?"

मी म्हटलं, "त्याने सांगितलं होतं. मला समजलं नाही." त्यांना वाटलं असेल बाई वेडी आहे.

जखम साबणाने कितीतरी वेळ धुतली. मग त्या टाचेतच सुई घालून औषध भरलं. आकिबने पाय धरले, मी डोकं धरलं. तो "नई, नई" किंचाळत होता. यातला कोणता नई होता, ते मला आता कळायची सोय नाही. दंडात लस दिली. अजून काही वेळा यायचं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उशीर झाला, पण जखम पायाला आहे, चेहऱ्याला नाही. लस बहुतेक आपलं काम करेल. ताप आला, वागणं बदललं, पाणी नको म्हणाला, तर लगेच आणा. एक मिनिट थांबू नका."

पाणी नको म्हणाला तर.

अम्मी घरी नमाजेच्या चटईवर, जानमाजवर, बसून होत्या. म्हणाल्या, "मैं नमाज में थी, आफ्रीन. रोना सुनाई दे रहा था. मैं बोली, दो रकात पूरी कर लूं." मी त्यांच्यावर ओरडले नाही. ओरडायला माझ्याकडे तोंड कुठे आहे? त्यांनी निदान रडणं ऐकलं होतं, मी तर शब्द ऐकला होता.

१९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अंग तापलं होतं. शाळेला सुट्टी. आकिबने दुकान उघडलं नाही.

तापाचं औषध पाजलं ते थुंकलं. स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. त्याने पेला बघितला, तोंड फिरवलं आणि म्हणाला, "नई."

मी पेला पुन्हा पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी ढकलला. पाणी खाटेवर सांडलं आणि तो अंग चोरून मागे सरकला.

आकिब माझ्याकडे बघत होता, मी आकिबकडे. मी आयुष्यात खूप घाबरले आहे. विंचवाला, परीक्षेला, बाळंतपणाला. ती सगळी भीती खोटी होती. खरी भीती आली तेव्हा मी अगदी शांत होते आणि सांडलेलं पाणी ओढणीने पुसत होते.

आकिब गाडीची किल्ली शोधायला लागला. ती खुंटीवर, नेहमीच्या जागी लटकत होती आणि त्याला दिसत नव्हती. अम्मी मोठमोठ्याने कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला लागल्या. मी इबूला चादरीत गुंडाळलं. तेवढ्यात फोन वाजला. सोमारीबाई.

"बाई, धानोऱ्याच्या स्टँडवर हावो मी. उद्या येतो म्हनून सांगाले फोन केला. इबू कसा हाय?"

मी काय बोलले असेन कोण जाणे. कुत्रा, दवाखाना, पाणी, सगळं एका दमात. ती मध्येच रडायला लागली. "मी भाकर टाकत होती बाई त्या कुत्र्याले. अम्मीच्या भेवानं सांगतली नाई."

इबूने फोनमधला आवाज ओळखला. चादरीतून हात काढून फोन ओढला आणि ओरडला, "एर! एर!"

पलीकडे सोमारीबाईचं रडणं थांबलं. मग म्हणाली, "बाई, काऊन देऊन नाई राह्यल्या त्याले?"

"काय देऊ?"

"पानी. थो पानी मागून राह्यला ना. एर म्हंजे पानी. त्या पेल्यात नोका देऊ, त्यात तुमी कडू दवाई पाजता. वाटीत द्या, माठातलं."

मी वाटी घेतली. माठात बुडवताना ती माठाच्या कडेवर खणखणत होती. त्याच्यासमोर धरली आणि म्हटलं, "एर?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इतके दिवस कुठेतरी गावाला गेले होते आणि आज घरी आले.

वाटी दोन्ही हातांत धरून प्यायला. घटाघटा. पुन्हा मागितलं, "एर." पुन्हा प्यायला. आकिब खाली बसला, डोकं खाटेच्या कडेला टेकवलं आणि मोठ्याने रडला.

तरी दवाखान्यात नेलंच. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला. लाल झाला होता. ताप त्याचा असेल, म्हणाल्या. वाटीची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी इबूला स्वतः पाणी पाजून बघितलं. तिथेही प्यायला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

सोमारीबाई आली. पिशवी घेऊन दारातच उभी राहिली, आत येईना. अम्मींनी विचारलं, "कुत्ते को रोटी तू डालती थी?"

"हाव जी."

अम्मींनी तिच्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाल्या, "अंदर आ. ये छोकरा और क्या क्या बोलता है, बता सबको."

मग आम्ही तिघं तिच्यासमोर बसलो, वर्गात पोरं बसतात तसे. पाल म्हणजे दूध. आम्ही भिंतीवर झाडू मारत होतो तेव्हा तो ओट्यावरच्या दुधासाठी रडत होता. गाटो म्हणजे भात. असे कितीतरी. दोन शब्द जोडतोही म्हणे. सोमारीबाई म्हणाली, "बाई, थो लय बोलते. दिवसभर बोलते. मले वाटे, तुमच्यासंगंबी बोलत असन."

दुपारी लसीला नेलं. दुखल्यावर तो 'नई' ओरडला, आणि आज मला त्यात कुत्रा ऐकू आला.

२ मार्च, शनिवार

ताप नाही. खातो, पितो, चप्पल लपवतो. मी मात्र दिवसातून कितीतरी वेळा वाटी घेऊन मागे फिरते. आकिब म्हणतो, "पानी पिला पिला के बच्चे को फुगाएगी." पण मी वळले की तोही बघत असतो, पाणी घशाखाली उतरलं की नाही.

नानाजीभाऊंचं वासरू मेलं. तोंडाला फेस होता, म्हणाले. मला ऐकायचं नव्हतं, तरी उभी राहून ऐकलं.

१६ मार्च, शनिवार

शेवटचं इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता काळजी करू नका. मी विचारलं, अजिबात नको? त्या म्हणाल्या, "तुम्हाला सांगून काही उपयोग आहे का?" आणि हसल्या. मीही हसले.

रमजान सुरू आहे, रोजा होता. संध्याकाळी जमिनीवर पसरलेल्या दस्तरखानावर खजूर मांडून अजानची वाट बघत बसलो होतो. ओठ सुकले होते माझे. इबू बघत होता. उठला, माठाकडे गेला. सोमारीबाईने वाटी भरून दिली असावी. दोन्ही हातांत धरून, निम्मी सांडत, माझ्यापर्यंत आला आणि माझ्या तोंडाला लावली.

"एर, अम्मी."

दोन शब्द. जोडून. आणि पहिल्यांदाच मला अम्मी म्हणाला. माझ्यासाठी.

अजान व्हायला अजून थोडा वेळ होता. मी वाटी हलकेच बाजूला केली आणि सवयीने म्हणून गेले, "नई बेटा, नई."

त्याच्या हातातून वाटी पडली. तो माझ्या अंगावर चढला, गळ्याला घट्ट मिठी मारली आणि मागच्या दाराकडे बघत राहिला.

जन्मापासून आम्ही या मुलाला दिवसभर म्हणत आलो, नई, नई. बाहेर जाऊ नको, नई. हात लावू नको, नई. आणि तो प्रत्येक वेळी दाराकडे का बघायचा, ते मला आज कळलं.

मी त्याला कडेवर घेतलं. मागचं दार उघडून सगळं अंगण दाखवलं. कोपरा, कुंपण, हातगाडीची जागा. त्याची मिठी सैल होईना. इथे कुत्रा नाही, हे त्याला कोणत्या शब्दात सांगू, सुचेना. आमच्याकडे आहे तो शब्द चालणार नव्हता. म्हणून मी नुसती मान हलवली. अंगणाकडे बोट केलं, पुन्हा मान हलवली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानेही मान हलवली.

अजान झाली. मी पडलेली वाटी उचलून पुन्हा भरली. रोजा सोडायच्या आधी ती त्याच्या ओठांना लावली आणि त्याचा घसा वरखाली होताना बघत राहिले. तो प्यायला. उरलेलं मी प्याले.